कानांची वेळ

कानांच्या वेळेत बोलायचं नसतं, हे तीन वर्षांच्या पोरालाही पहिल्याच आठवड्यात कळतं. म्हणून मुंगीने नियम मोडला तेव्हा सगळ्यांनी डोळे उघडून आधी तिच्याकडे पाहिलं, आणि मग तिने रोखलेल्या बोटाच्या दिशेने, रानबाईंकडे.

"बाई, तुम्ही बोट का वर केलं?" मुंगी म्हणाली. "काहीच वाजलं नाही."

"वाजलं की. सुईपक्षी. अगदी बारीक वाजतो तो."

"नाही वाजलं. मी डोळे पण उघडे ठेवून ऐकत होते."

"डोळे उघडे ठेवून ऐकतात का कुणी?"

"मी ऐकते. तुम्ही बोट वर केलं. मग ह्याने तुमच्याकडे बघून केलं. मग हिने ह्याच्याकडे बघून केलं. पक्ष्याने काहीच केलं नाही."

मुलं हसली, रानबाईही हसली. एरवी असं कुणी बोललं असतं तर दिवसभर ते तोंडात घोळवत तिने घरी नेलं असतं, नवऱ्याला सांगितलं असतं, दोघं पुन्हा हसले असते. पण आज हसता हसता तिला पाऊल चुकल्यासारखं झालं. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि खाली पायरी नसावी, तसं. तिने वर केलेलं बोट अजून वरच होतं. ते तिने हळूच मिटलं आणि म्हणाली, "बरं, आता सगळे आपापली चटई गुंडाळा," आणि आवाज नेहमीसारखाच निघाला, याचंच तिला नवल वाटलं.

शहराला पाणी पुरवणाऱ्या टाक्यांच्या मागे रानाचा एक तुकडा उरला आहे. कुणी राखला म्हणून नव्हे, तिथे काही बांधायचं राहून गेलं म्हणून. तीन ते पाच वर्षांची चौदा मुलं, दोन बाई, पायात रबरी बूट, पाठीवर फोमची गोल चटई, एका पिशवीत कोरडे मोजे, एका पिशवीत ओले. आठवड्यातले चार दिवस ही शाळा तिथे भरते. तिथे भिंग आहे, फावडी आहेत, चिखल शिजवायची पातेली आहेत. तोडायचं काही नाही, पडलेलं काहीही उचलायचं. प्रत्येक मूल पहिल्या दिवशी स्वतःसाठी एक प्राणी निवडतं आणि वर्षभर त्याच नावाने हाक मारून घेतं. ज्याला काही सुचत नाही त्याला बाकीचेच नाव देतात, म्हणून लाल बूट नावाचा एक मुलगाही आहे, जो कुठलाच प्राणी नाही. मोठ्यांना नावं मुलांनीच दिली. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, ज्या वयाने तिघींत सगळ्यांत लहान. छोट्या बाई म्हणजे बेचाळीस वर्षांच्या, चार वर्षांपूर्वी नोकरीला लागलेल्या. आणि ही रानबाई, एकतीस वर्षं इथेच असलेली. रोज घरी निघण्याआधी गोल बसून कानांची वेळ. डोळे मिटायचे, हात मांडीवर, आणि एक एक नवा आवाज आला की एक एक बोट वर. ही वेळ तिने स्वतः सुरू केली. शिक्षणाच्या कुठल्या पुस्तकात ती नव्हती. ती वडिलांकडून आली होती, पण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायला गेलं असतं तर देवाचा विषय निघाला असता, आणि तीन वर्षांच्या मुलांच्या आईबापांना देवाचा विषय निघाला की घड्याळ दिसायला लागतं.

सुईपक्षी हेही मुलांनी दिलेलं नाव, पहिल्या तुकडीने. त्या तुकडीतली मुलं आता स्वतः पोरंबाळंवाली झाली. अंगठ्याएवढा पक्षी, दिसायचा कधीच नाही, पण थंडी सरत आली की टाकीच्या कठड्याकडच्या उंच झाडात कुठेतरी सुरू व्हायचा, आणि त्याचा आवाज असा, की कुणी लांबून, फार प्रेमाने, कानात सुई ओवतं आहे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती, पाच महिन्यांची पोटुशी होती, आणि ओल्या ओंडक्यावर बसून हमसून हमसून रडली होती. कारण काही नव्हतं. आठ मुलं भोवती उभी राहून तिच्याकडे बघत होती आणि त्यातल्या एकाने आपला रुमाल, जो रुमाल म्हणण्यासारखा उरला नव्हता, तिच्या मांडीवर ठेवला होता. तेव्हापासून दर वर्षी वहीत ती तारीख लिहीत आली. वह्या एकतीस झाल्या. सुईपक्षी ऐकला. सुईपक्षी ऐकला. कधी चार दिवस अलीकडे, कधी आठ दिवस पलीकडे, पण ऐकला. मुलगा परदेशी गेला त्या वर्षी ऐकला, वडील गेले त्या वर्षी अंत्यविधीनंतर तिसऱ्या दिवशी ती कामावर आली आणि ऐकला. कुणाला नातेवाईक असतात, कुणाला औषधाच्या गोळ्या असतात. तिच्या वर्षाला हा एक टाका होता. आणि आज मुंगी म्हणाली, पक्ष्याने काहीच केलं नाही.

मुलं गेल्यावर नळाखाली बूट धुताना तिने छोट्या बाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला आला होता का गं आज, सुईचा आवाज?"

छोट्या बाई बुटातला चिखल काडीने उकरत होत्या. "खरं सांगू? हसणार नाही ना?"

"नाही."

"मला तो कधीच आलेला नाही. चार वर्षांत एकदासुद्धा नाही."

"मग बोट वर करतेस ते?"

"तुम्ही करता म्हणून. मला वाटायचं, माझेच कान कच्चे आहेत. तुम्ही तीस वर्षं रानात, मी आत्ता बँकेतून उठून आलेली. म्हटलं, सवयीने येईल हळूहळू." त्या हसल्या, मग रानबाईचा चेहरा बघून त्यांचं हसू अर्ध्यावर राहिलं. "म्हणजे काय बाई? नव्हताच का तो?"

रानबाई बूट धूत राहिली. नळाचं पाणी बुटावर पडताना जाड, बुटका आवाज येत होता. तो येत होता. छोट्या बाईंचं बोलणं येत होतं. टाकीच्या पंपाची घरघर येत होती. सगळं तर येतंय, तिने मनाशी म्हटलं, मग काय राहिलं? आणि हे म्हणताना तिच्या लक्षात आलं, की जे येत नाही त्याची यादी माणसाला कशी करता येईल? घरातून एखादी वस्तू गेली तर निदान भिंतीवर तिच्यामागचा रंग वेगळा दिसतो.

आणि तिथेच, नळासमोर, हातात कुणाचा तरी डावा बूट असताना, तिला गेल्या पानगळीतला तो दिवस आठवला. आठवला असंही नाही, तो दिवस तिच्याकडे होताच, नीट घडी घालून ठेवलेला. आता फक्त तो उलटा झाला. ओंडक्याखालचा काळा भुंगा ती पाच मुलांना दाखवत होती. भुंगा उताणा पडला होता आणि पाय हलवत होता, आणि मुलांचा श्वास तिच्या मानेवर येत होता, दूध प्यायलेल्या तोंडांचा. तेवढ्यात पाण्याची कॅन आणायला फाटकाकडे गेलेल्या छोट्या बाई कॅन टाकून धावत आल्या, तिच्या बाजूने धावत गेल्या, आणि दहा पावलांवरच्या काटेरी जाळीत हात घालून लाल बुटाला बाहेर काढू लागल्या. त्याच्या गालावर दोन लांब ओरखडे होते. कॉलर काट्याला अडकून गळ्याशी आवळली होती, म्हणून तोंडातून मोठा आवाज निघत नव्हता, नुसता बारीक, उंच, पिल्लासारखा. "बाई, ऐकू नाही आलं?" छोट्या बाई धापा टाकत म्हणाल्या होत्या. आणि रानबाई काय म्हणाली होती? "आलं ना, येतच होते." खोटं बोलते आहोत असं तेव्हा वाटलंसुद्धा नव्हतं. तिला खरंच वाटलं होतं, की आपण निघालोच होतो. उलट छोट्या बाईंची ही धावपळ जरा जास्तच आहे, असंही वाटलं होतं. संध्याकाळी वहीत लिहिलं होतं: लाल बूट काट्यात अडकला, लगेच सोडवला. फाटक दोनशे पावलांवर. छोट्या बाईंना दोनशे पावलांवर ऐकू आलं होतं.

बुधवारी ती कान तपासणाऱ्याकडे गेली. घरी सांगितलं, दाताचं दाखवायला जाते. काचेची एक खिडकी असलेली, भिंतींना आतून मऊ अस्तर लावलेली एक खोली होती, फ्रीजएवढी. तिच्या कानांवर जाड झाकणं बसवून त्या माणसाने हातात एक बटण दिलं. "घाई करू नका बाई. आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक आला तरी." दार बंद झालं आणि एक अशी शांतता पडली जी तिने आयुष्यात ऐकली नव्हती; रानात ती कधीच नसते. मग आवाज सुरू झाले. आधी जाड, मग मधले, मग बारीक, आणखी बारीक. काचेपलीकडे तो माणूस खाली मान घालून काहीतरी फिरवत होता. ती दाबत गेली. डोळे मिटून, पाठ ताठ करून, मांडीवर एक हात ठेवून, जशी रोज बसते तशी. आवाज येत होते, अगदी बारीक, सुईच्या टोकाएवढे, एकामागून एक, आणि ती दाबत होती, आणि तिला फार बरं वाटत होतं. म्हणजे काही गेलेलं नाही, मुंगीचं काय, पोरच ते.

बाहेर आल्यावर त्या माणसाने कागद तिच्याकडे फिरवला. एक रेघ बरीच लांब सपाट गेली होती आणि मग टेकडीवरून पाय घसरावा तशी खाली आली होती.

"वरचे सूर गेलेत," तो म्हणाला. "आजचे नाहीत, तीनेक वर्षं तरी झाली असावीत. बोलणं कळतं ना तुम्हाला? म्हणून लक्षात येत नाही."

"पण मी दाबत होते. मला येत होते."

तो जरा थांबला. तरुण होता, पण ही थांबण्याची जागा त्याला माहीत होती. "शेवटी शेवटी मी काही वाजवतच नव्हतो बाई. बघत होतो. तुम्ही अकरा वेळा दाबलंत." आणि मग, तिची समजूत घालावी म्हणून, "होतं असं खूप जणांचं. विशेषतः ज्यांनी मन लावून ऐकलेलं असतं. रिकामी जागा राहिली की डोकं आपल्याजवळचं काढून तिथे भरतं."

आपल्याजवळचं. रस्त्याने येताना ती हा शब्द पायाखाली घालत आली. एकतीस वर्षांतले किती सुईपक्षी झाडातले आणि किती आपल्याजवळचे? छोट्या बाईंना चार वर्षांत एकदाही नाही. त्यांचे कान तर धड आहेत. म्हणजे पक्षी केव्हातरी यायचा थांबला होता, आणि नेमका त्याच सुमाराला तिचा कानही थांबला होता, आणि दोघांच्याही मागे ती एकटीच बोट वर करून बसली होती, आणि तिच्याकडे बघून चौदा मुलं. एवढी मुलं तिच्या हाताखालून गेली. ती मोठी होतील आणि कुणाला तरी सांगतील, लहानपणी आम्ही एक पक्षी ऐकायचो. फार प्रेमाने सांगतील.

नवरा घड्याळं दुरुस्त करतो. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं टेबल आहे, डोळ्याला भिंग, समोर चिमटे आणि काचेच्या झाकणाखाली उघडी पडलेली घड्याळं. ती आत आली तेव्हा त्याने मान वर न करता विचारलं, "काय म्हणाला दातवाला?"

"कानवाला."

त्याने भिंग डोळ्यातून काढलं. तिने कागद टेबलावर ठेवला. त्याने घसरलेली रेघ बोटाने शेवटपर्यंत पाहिली, आणि म्हणाला, "मला वाटलंच होतं."

"कधी?"

"किटली. शिट्टी वाजली की तीन वर्षं मीच उठतोय. आधी म्हटलं, बाईसाहेबांनी आपल्याला कामाला लावलंय. म्हटलं, लावू दे, एवढी वर्षं तिनेच केलं."

"मग बोलला का नाहीत?"

"अगं, लग्न झाल्यापासून तू माझं ऐकत नव्हतीस. मला फरक कसा कळणार?"

ती इतकी हसली, की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला, आणि मग हसणं संपल्यावरही डोळ्यांतून पाणी येत राहिलं. त्याने चिमटे बाजूला सरकवून तिच्यासाठी टेबलाचा कोपरा रिकामा केला, जणू तीही कुणी दुरुस्तीला आणून ठेवली होती. मग तिने काट्यातलं सांगितलं. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"सुटलं ना ते पोर?"

"सुटलं."

"मग झालं तर. हे बघ, कानाचं यंत्र येईल तीन आठवड्यांत. तोवर बोलू नकोस, मग केस जरा पुढे घे. कुणाला कळणारसुद्धा नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुझी. ओढ्यावर न्यायचे दिवस आलेत, ते तुझे आवडते, ते कशाला घालवतेस? त्या मोठ्या बाईंना कळलं, तर उद्या तुला कोटांच्या खुंट्या मोजायला बसवतील."

त्यात काही वाईट नव्हतं. तो माणूस वाईट नाही. त्याला ती होती तशी चालू हवी होती, एवढंच. आणि ओढा म्हटल्याबरोबर तिच्या पोटऱ्यांना गार पाणी लागलं. थंडी सरली की दोन आठवडे मुलांना ओढ्यावर न्यायचं. पुढे ती, काठीने तळ चाचपत, मागे एकेक मूल, तिच्या हातात त्याचा हात, भिजवलेल्या कणकेसारखा, गरम, जरा चिकट. वर्षभरात असं सुख दुसरं नव्हतं. आणि ओढ्यावर पाण्याचा खळखळाट असतो, त्यात एखादं मूल मागे घसरलं तर मोठ्याने ओरडणार नाही, गार पाण्याने आधी श्वासच आत जातो, मग नुसतं बारीक काहीतरी येतं. बारीक, उंच.

रात्रभर वगैरे काही जागली नाही ती. झोपही लागली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मोजे वाळत घालताना, एका हातात चिमटा धरून, ती बराच वेळ तशीच उभी राहिली, कारण वडील आले होते. येतात असे, न विचारता. वडील गाऊन निरूपण करायचे. प्रार्थनेच्या सभागृहात आठवड्यातून एकदा, दोन तास उभं राहून. कथा सांगता सांगता अशा ठिकाणी थांबायचे, की लोकांचा जीव टांगणीला लागलेला असायचा, आणि तिथेच पद सुरू करायचे. लोक चरफडायचे आणि डोलायचे, दोन्ही एकदम. "डोळ्याला झाकण आहे," ते म्हणायचे, "तोंडाला झाकण आहे. कानालाच देवाने झाकण का बरं दिलं नाही? तर त्याला कधी हाक मारावीशी वाटेल याचा नेम नाही!" मग एकदम थांबून, डोळे मिटून, "ऐका," आणि सगळं सभागृह मिनिटभर ऐकायचं. पंखा, बाहेरची सायकल, कुणाचं तरी बाळ. सात वर्षांची ती पेटीवाल्याशेजारी बसून बोटं मोजायची. एकदा पदाचं तिसरं कडवं वडील विसरले. तिला कळलं, कारण तिला सगळी पाठ होती. आणि ते अडले नाहीत. आधीच्याच ओळीचा शेवटचा शब्द धरून त्यांनी असे काही आलाप घेतले, खाली आले, वर गेले, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि सरळ चौथ्या कडव्यावर उतरले. त्या दिवसासारखी दाद त्यांना कधी मिळाली नव्हती. लोक पाया पडले. घरी येऊन वडील जेवले नाहीत. आईने विचारलं तर म्हणाले, "आज मी चोरी केली, आणि लोकांनी मला हार घातला." आई म्हणाली, "कुणाला कळलंय?" वडिलांनी तिच्याकडे, सात वर्षांच्या मुलीकडे, एकदा पाहिलं. पुढच्या आठवड्यात ते उभे राहिले आणि नमन नाही, कथा नाही, काही नाही, सरळ ते तिसरं कडवं म्हणाले. एकदा. साधं. लोकांना वाटलं, बुवा जरा गोंधळले. त्यांनी कुणाला काही समजावलं नाही.

तिने मोजे वाळत घातले. चौदा जोड, त्यात एक मोजा एकटा.

शुक्रवारी मुलं गेल्यावर ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. ती खोली मुलांच्या रंगांच्या आणि ओल्या लोकरीच्या वासाची आहे, आणि तिथे मोठ्यांची खुर्ची एकच; दुसऱ्या सगळ्या मुलांच्या. रानबाई गुडघे छातीशी घेऊन त्यातल्या एका पिवळ्या खुर्चीवर बसली. काय आणि कोणत्या क्रमाने बोलायचं ते तिने ठरवलं होतं. त्यातलं काहीच आलं नाही.

"मला ऐकू येत नाही," ती म्हणाली.

मोठ्या बाई हसल्या. "मी अजून बोललेच नाही."

"बारीक, उंच आवाज येत नाहीत. मूल ओरडलं तर येतो. कुईकुई केलं, हुंदका दिला तर नाही. बुधवारी तपासलं. तीन वर्षं झालीत."

तिने कागद पुढे केला. मोठ्या बाईंनी तो बराच वेळ पाहिला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू छत्तीस वर्षांचा राहिला नाही.

"पानगळीत," त्या म्हणाल्या, "काट्यातलं ते पोर..."

"तेव्हा मी येत नव्हते. मला माहीतच नव्हतं तो अडकलाय."

"वहीत तुम्ही 'लगेच' लिहिलंय."

"लिहिलंय."

"त्याच्या आईला मी सांगितलं होतं, बाई अगदी शेजारी होत्या. इतक्या ठामपणे सांगितलं, की शेवटी तिनेच माझी माफी मागितली. माझ्या तोंडाने सांगितलं मी ते, रानबाई." पहिल्यांदाच त्यांनी मुलांनी दिलेल्या नावाने हाक मारली, आणि ती हाक लाडाची नव्हती.

तिने खिशातून राजीनामा काढून दिला. मोठ्या बाईंनी वाचला. "प्रकृतीच्या कारणास्तव. काय झालंय तुमच्या प्रकृतीला? काल ओंडक्यावर चढून फांदीत अडकलेली टोपी काढत होतात."

"मग काय लिहू?"

"काही लिहू नका. राजीनामा देणं सोपं आहे, बाई. त्या आईला सांगणं अवघड आहे. ते आधी करा. राजीनाम्याचं मग बघू."

ती उठली, तर खुर्ची तिच्यासोबत उठली. ढुंगणाला घट्ट बसली होती. दोघींनी ओढून काढली. दोघींपैकी कुणीच हसलं नाही; पण हसलं नाही, एवढंच.

लाल बुटाची आई बेकरीत काम करते. दुपारी मागच्या दाराशी ती हात पुसत आली. भुवईला पीठ लागलेलं होतं. रानबाईने सगळं सांगितलं. मध्ये एकदाही 'पण' म्हणाली नाही. तेवढं तिने ठरवून पाळलं. आतून गरम पावाचा वास येत होता आणि कुणीतरी पत्रे आपटत होतं.

"बरं," आई म्हणाली. पुन्हा हात पुसत, "मग तो किती वेळ रडत होता?"

"मला माहीत नाही."

"एक मिनिट? पाच मिनिटं?"

"मला माहीत नाही. हेच सांगायला आले."

आईने मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त दाराच्या चौकटीकडे बघत राहिली, तिथे जणू मिनिटं लिहिलेली होती. "त्याला आवडतं हो तुमच्याकडे," ती म्हणाली. "घरी येऊन किडे सांगतो." आणि आत गेली.

सोमवारी लाल बुटाच्या खुंटीवर कोट नव्हता. मोठ्या बाई म्हणाल्या, त्याला आता रानात नाही, आतल्या वर्गात बसवायचंय, आई तसं सांगून गेली. मग, रजिस्टरमध्ये बघत, "आजपासून ओळीच्या पुढे छोट्या बाई. ओढ्यावर तुम्ही नाही. यंत्र आल्यावरही लगेच नाही. मुलांबरोबर एकटं थांबायचं नाही. शेवटून चालायचं. डोळे शाबूत आहेत ना?"

"आहेत."

"मग चला. उशीर होतोय."

कानांच्या वेळेत तिने दोन्ही हात मांडीखाली घालून ठेवले. जड वाटले ते. टाकीकडच्या झाडासाठी कुणाचंच बोट वर गेलं नाही. मुंगीने एक विमान, एक शिंक आणि स्वतःचं पोट ऐकलं. संध्याकाळी वहीत तिने लिहिलं: सुईपक्षी, माहीत नाही. एकतीस वर्षांत हे पहिलंच 'माहीत नाही'. पण वही नंतरची. त्याआधी परतीची वाट होती.

एकतीस वर्षं ती पुढून चालली होती. पुढून चालणाऱ्याला मुलं म्हणजे मागून येणारे आवाज. वळून पाहिलं की सगळी शहाणी, ओळीत. मागून ओळ वेगळीच दिसत होती. तिला माना दिसत होत्या. एवढ्या वर्षांत तिने मुलांच्या माना पाहिल्या नव्हत्या, टोपी आणि कॉलर यांच्यामधली ती दोन बोटं उघडी जागा, प्रत्येकाची वेगळी. एकाचे बूट उलटे होते. एकीने पुढच्याच्या पिशवीत चोरून चार दगड भरले आणि मग स्वतःच त्याची पिशवी मागून उचलून धरली. कुणी हात सोडला, कुणी धरला. मुंगी चालता चालता झाडांना काहीतरी सांगत होती, तोंड हलताना दिसत होतं. हे रोज असंच चालत असणार, तिच्या पाठीमागे. देवा, तिला वाटलं, एवढं सगळं. आणि लगेच, तिच्या पुढे जिथे एक मूल कमी होतं तिथे नजर गेली, आणि ते वाटणं तसंच अर्धं राहिलं.

सगळ्यांत शेवटी गोगलगाय. साडेतीन वर्षांची, महिन्यापूर्वी आलेली. नाव तिने स्वतः निवडलं होतं आणि ती त्याला जागत होती. वाटेतल्या डबक्याशी ती थांबली. एक पाऊल आत, एक बाहेर. मग दोन्ही आत. मग उकिडवी बसून तिने पाण्यावर तरंगणारी एक काडी बोटाने बुडवली. काडी वर आली. तिने परत बुडवली. रानबाईही उकिडवी बसली. गुडघे कुरकुरले असतील. तिला आवाज आला नाही, नुसतं कळलं. ओळ पुढे गेली होती. वळणापाशी टोप्यांचे रंग हलत होते.

गोगलगायीने मान वर केली, वळणाकडे पाहिलं, आणि मग तिच्याकडे.

"बाई, तुम्हाला हाका मारतायत."

"कोण गं?"

मुलीने पुन्हा वळणाकडे पाहिलं, नीट, एकेकाला बघत.

"सगळेच," ती म्हणाली, आणि उठण्यासाठी आपला ओला हात तिच्यापुढे धरला.